‘च’चे ओझे : डच विद्यापीठांतील मराठी मुले आणि अपयशाची खरी किंमत

सप्टेंबरच्या आरंभी नेदरलँड्समधील विद्यापीठांचे वर्ष सुरू होते आणि शरद ऋतू सरत असतानाच पहिल्या परीक्षांचे निकाल हाती येऊ लागतात. डेल्फ्ट, आइंडहोव्हन, ट्वेन्टे, ग्रोनिंगन वा माआस्ट्रिख्ट येथे शिकणाऱ्या अनेक मराठी मुलामुलींना या वेळी नापास होण्याआधी पास होण्याचाच धक्का बसतो. दहावी-बारावीत नव्वदीच्या खाली कधी न उतरलेल्या विद्यार्थ्याच्या नावापुढे दहापैकी सात असा आकडा उमटतो. डच प्राध्यापकाच्या लेखी ते समाधानकारक काम असते. पुण्या-नाशिकच्या घरात मात्र तोच आकडा ‘सत्तर टक्के’ असा वाचला जातो, आणि रविवारच्या व्हिडिओ कॉलवर क्षणभर शांतता पसरते.

हा प्रसंग वरवर किरकोळ वाटतो. पण त्यामागची मनोवृत्ती किरकोळ नाही. नेदरलँड्सची राष्ट्रीय सार्वजनिक आरोग्य संस्था आरआयव्हीएम, ट्रिम्बोस संस्था आणि स्थानिक आरोग्य सेवांची संघटना यांनी मिळून २०२१ साली उच्च शिक्षण घेणाऱ्या विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्याची देशव्यापी पाहणी केली. तीत अठ्ठावीस हजारांहून अधिक विद्यार्थी सहभागी झाले. त्यांतील ५१ टक्के विद्यार्थ्यांमध्ये चिंता, उदासी यांसारख्या मानसिक तक्रारी आढळल्या आणि १२ टक्क्यांच्या बाबतीत त्या गंभीर स्वरूपाच्या होत्या. पाहणीचा काळ करोनाचा होता, हे खरे. तरीही अभ्यासाचा ताण आणि भावनिक थकवा यांविषयीची उत्तरे केवळ साथीवर ढकलता येण्याजोगी नव्हती. त्याच वर्षी भारतात राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाने १३,०८९ विद्यार्थ्यांच्या आत्महत्यांची नोंद केली. त्यांत १,८३४ विद्यार्थी महाराष्ट्रातील होते, आणि हा आकडा सर्व राज्यांत सर्वाधिक होता. आत्महत्येला एकच एक कारण क्वचितच असते. पण ज्या समाजात निकालाच्या दिवशी घराघरांत श्वास रोखले जातात, त्या समाजाने आपल्या मुलांना यश आणि अपयश यांच्याकडे पाहायला काय शिकवले, हा प्रश्न टाळता येत नाही. समुद्रापलीकडे आल्यानेही तो सुटत नाही. सामानाबरोबर तोही विमानतळावर उतरतो.

सहा, सात आणि आठ

डच गुणपद्धती समजून घेतली तर निम्मा गैरसमज दूर होतो. येथे एक ते दहा अशी श्रेणी आहे. साडेपाचपासून पुढे उत्तीर्ण. सहा म्हणजे पुरेसे, सात म्हणजे पुरेशाहून बरेच अधिक, आठ म्हणजे चांगले, नऊ म्हणजे फार चांगले. दहा हा आकडा कागदावर आहे, पण तो सहसा कोणाच्या वाट्याला येत नाही. अनेक विद्यापीठांत सरासरी आठच्या आसपास आणि प्रबंध उत्तम असेल तर पदवीवर ‘कुम लाउडे’ म्हणजे विशेष गौरवाची मोहोर उमटते. याचा अर्थ असा की, महाराष्ट्रात जिथे ‘ठीकठाक’ची रेषा सुरू होते, तिथे नेदरलँड्समध्ये गौरवाची रेषा सुरू होते. साताचा सत्तर टक्के असा अनुवाद करणे म्हणजे युरोचे रुपये करताना विनिमय दरच विसरणे होय.

या देशात ‘झेसयेसकुल्टुर’ असा एक शब्द आहे. त्याचा अर्थ ‘सहा गुणांची संस्कृती’: उत्तीर्ण होण्यापुरता अभ्यास करावा आणि उरलेला वेळ मित्र, खेळ, नोकरी, संघटना यांना द्यावा, अशी विद्यार्थ्यांची वृत्ती. डच राजकारणी आणि शिक्षणतज्ज्ञ हा शब्द तक्रारीच्या सुरात वापरतात. मराठी विद्यार्थ्याला तो प्रथम आळशीपणाचा परवाना वाटतो. परंतु त्याच वर्गातील सहा-सात गुण मिळवणारा डच मुलगा विद्यार्थी संघटनेचा खजिनदार असतो, आठवड्यातून दोन दिवस काम करतो आणि गटप्रकल्पाच्या बैठकीत प्राध्यापकाला निःसंकोच प्रश्न विचारतो. उमेदवार निवडणारी कंपनी हेही पाहते. नवव्या गुणासाठी रात्री जागवणाऱ्या विद्यार्थ्याला हे बरेचदा उशिरा उमगते.

मात्र डच समाजाने मुलांना दडपणातून मुक्त केले आहे, असा भाबडा निष्कर्ष काढू नये. वरची ५१ टक्क्यांची आकडेवारी याच देशाची आहे. येथे मुलाच्या बाराव्या वर्षी, प्राथमिक शाळेच्या आठव्या गटात, पुढील शिक्षणाचा मार्ग सुचवला जातो: व्यवसायाभिमुख ‘व्हीएमबीओ’, मधला ‘हाव्हो’ किंवा विद्यापीठाकडे नेणारा ‘व्हीडब्ल्यूओ’. आम्स्टलव्हेन वा आइंडहोव्हनमधील मराठी घरांत त्या वर्षी जे वातावरण असते, ते दहावीच्या वर्षाहून फारसे निराळे नसते. फरक इतकाच की, या व्यवस्थेत खालच्या पायरीवरून वर चढण्याची वाट उघडी ठेवलेली आहे. व्यवसाय शिक्षणातून उपयोजित विज्ञानांच्या उच्चशिक्षण संस्थेत आणि तिथून विद्यापीठात जाता येते. याला डच लोक ‘स्टापलन’, म्हणजे एकावर एक रचणे, असे म्हणतात.

इच्छा आणि हट्ट

उत्कृष्टतेची ओढ आणि परिपूर्णतेचा हट्ट या दोन गोष्टींची सरमिसळ नेहमी होते. मानसशास्त्रात हा भेद बराच स्पष्ट झालेला आहे. पॉल ह्युइट आणि गॉर्डन फ्लेट या कॅनडातील संशोधकांनी १९९१ साली परिपूर्णतावादाचे तीन प्रकार मांडले: स्वतःकडून निर्दोषतेची अपेक्षा, इतरांकडून निर्दोषतेची अपेक्षा, आणि ‘लोक माझ्याकडून निर्दोषतेची अपेक्षा करतात’ हा समज. तिसरा प्रकार सर्वांत क्लेशकारक ठरतो, कारण त्यात न्यायाधीश बाहेर बसलेला असतो आणि निकाल कधीच लागत नाही. रॉझ शाफ्रान आणि त्यांच्या ब्रिटिश सहकाऱ्यांनी २००२ साली याची अधिक नेमकी व्याख्या केली. स्वतः ठरवलेली उंच उद्दिष्टे गाठण्यावरच माणसाची स्वतःविषयीची किंमत अवलंबून राहू लागली आणि नुकसान दिसत असूनही तो थांबू शकला नाही, की ती प्रवृत्ती आजाराच्या दिशेने जाते. उद्दिष्ट किती उंच आहे यापेक्षा त्याला काय टांगले आहे, हा खरा प्रश्न.

थॉमस करन आणि अँड्र्यू हिल यांनी १९८९ ते २०१६ या काळातील अमेरिका, कॅनडा आणि ब्रिटनमधील ४१,६४१ महाविद्यालयीन विद्यार्थ्यांच्या उत्तरांचे एकत्रित विश्लेषण केले. तिन्ही प्रकार वाढत असल्याचे त्यात दिसले. पण समाजाने लादलेल्या परिपूर्णतेची जाणीव तब्बल ३३ टक्क्यांनी वाढली होती. त्यात मराठी वा डच विद्यार्थी नव्हते. तरी गुणांची चढाओढ, महागडे शिक्षण आणि इतरांची सजवलेली आयुष्ये सतत डोळ्यांसमोर ठेवणारा मोबाइल ही त्या काळाची लक्षणे कोणत्याही एका देशापुरती मर्यादित नाहीत.

मराठीत हा सारा भेद एका अक्षरात मावतो. ‘मला चांगले गुण मिळावेत’ ही इच्छा. ‘मला चांगले गुण मिळालेच पाहिजेत’ हा हट्ट. त्या ‘च’च्या मागोमाग एक न बोललेले वाक्य येते: ‘नाहीतर मी कोणीच नाही.’ अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी १९५० च्या दशकात आपली विवेकनिष्ठ उपचारपद्धती याच निरीक्षणावर उभारली. घटनेपेक्षा घटनेविषयीचा अवाजवी आग्रह माणसाला अधिक छळतो, असे त्यांचे प्रतिपादन होते. मुंबईचे डॉ. कि. मो. फडके यांनी हा विचार मराठीत आणला, रुजवला आणि एलिस यांच्यावर मराठीत ग्रंथलेखनही केले. ठाण्याच्या ‘आयपीएच’ या मानसिक आरोग्य संस्थेने आणि तिचे संस्थापक डॉ. आनंद नाडकर्णी यांनी तो व्याख्यानांतून, पुस्तकांतून आणि ‘वेध’सारख्या विद्यार्थी परिषदांतून घरोघरी पोहोचवला. परदेशातील मराठी कुटुंबाला परकीय परिभाषेत अडखळत न बसता हा विषय आपल्याच भाषेत मुलांशी बोलता येतो, ही या वारशाची देणगी आहे.

येथे एक सावधगिरी हवी. ‘च’ काढायचा म्हणजे ध्येय खाली आणायचे, असे नव्हे. ‘नऊ मिळावेत, त्यासाठी मी झटेन, सात मिळाले तर वाईट वाटेल, पण ते वाईट वाटणे सोसण्याजोगे असेल’ हे वाक्य कमकुवत महत्त्वाकांक्षेचे नाही. उलट असे म्हणू शकणारा विद्यार्थी चुकल्यावर लवकर पुन्हा कामाला लागतो.

अपयशाची खरी किंमत

‘अपयश ही यशाची पहिली पायरी’ असे सांगून मोकळे होणे सोपे असते. पण शैक्षणिक कर्ज काढून आलेल्या मुलाला तो उपदेश पोकळ वाटतो, आणि तसा तो आहेही. नेदरलँड्समध्ये अपयशाला प्रत्यक्ष किंमत आहे. ती नेमकी किती, हे कळले तरच कल्पनेतली किंमत तिच्यापासून वेगळी काढता येते.

पदवीच्या पहिल्या वर्षासाठी ‘बिंदेंड स्टुडीअडव्हीस’, म्हणजे बंधनकारक अभ्यास-निर्णय, अशी तरतूद आहे. वर्षाच्या ६० श्रेयांकांपैकी ठरावीक श्रेयांक, बहुतेक ठिकाणी ४० ते ४५, मिळाले नाहीत तर त्या विद्यापीठातील तो अभ्यासक्रम सोडावा लागतो. दुसऱ्या अभ्यासक्रमाचे वा दुसऱ्या संस्थेचे दार बंद होत नाही. असा निर्णय देण्यापूर्वी विद्यार्थ्याला वेळेत इशारा देणे आणि आजारपण, कौटुंबिक संकट यांसारखी वैयक्तिक परिस्थिती विचारात घेणे विद्यापीठावर कायद्याने बंधनकारक आहे. मास्टर्सच्या विद्यार्थ्यांना हा नियम लागू नाही.

युरोपीय संघाबाहेरून आलेल्या विद्यार्थ्यांना आणखी एक अट आहे. दरवर्षी किमान निम्मे, म्हणजे साधारणतः ६० पैकी ३०, श्रेयांक मिळवणे आवश्यक असते. तसे न झाल्यास विद्यापीठाला ‘आयएनडी’ या स्थलांतर विभागाला कळवावे लागते आणि निवासपरवाना धोक्यात येऊ शकतो. येथेही मान्य होण्याजोगे कारण असेल आणि ते विद्यापीठापुढे मांडलेले असेल, तर विद्यापीठ ते ध्यानात घेते. शिवाय पैसा आहे: संघाबाहेरील विद्यार्थ्यांचे शुल्क बहुतेक अभ्यासक्रमांत वर्षाला दहा हजार युरोंच्या वर आणि अभियांत्रिकीसारख्या शाखांत वीस हजारांच्या आसपास जाते. लांबलेले प्रत्येक सत्र घरच्या कर्जात भर घालते.

आता दुसरी बाजू. एखाद्या विषयात पहिल्या फेरीत नापास होण्याची किंमत बहुधा एक पुनर्परीक्षा इतकीच असते. बहुतेक विषयांना वर्षातून दोन संधी असतात. सहा गुणांची किंमत त्याहून कमी. पीएचडी किंवा काही निवडक शिष्यवृत्त्यांसाठी सरासरी महत्त्वाची ठरते, हे नाकारण्यात अर्थ नाही. परंतु डच पदवीनंतर नोकरी शोधण्यासाठी मिळणाऱ्या वर्षभराच्या ‘झूकयार’ परवान्याला पदवी लागते, गुणांची सरासरी लागत नाही. ‘घराण्याचे नाक कापले गेले’, ‘लोक काय म्हणतील’, ‘मी मुळात हुशार नव्हतोच’ या किमती तर कोणत्याच नियमात नाहीत. त्या मनात छापलेल्या नोटा आहेत. पण परिपूर्णतेच्या हट्टात अडकलेला विद्यार्थी नेमकी त्यांचीच परतफेड करत बसतो.

या नियमांच्या कडकपणाविषयी खुद्द डच शासनातही दुमत झाले. २०२२ मध्ये तत्कालीन शिक्षणमंत्री रॉबर्ट डाइकग्राफ यांनी विद्यार्थ्यांवरील दडपण कमी करण्यासाठी पहिल्या वर्षाची अट ३० श्रेयांकांपर्यंत खाली आणावी, असे सुचवले. विद्यापीठांनी विरोध केला, २०२३ मध्ये मंत्रिमंडळ कोसळले आणि तो प्रस्ताव अमलात आला नाही. डाइकग्राफ यांचा स्वतःचा प्रवास लक्षात घेण्याजोगा आहे. उट्रेख्टमध्ये भौतिकशास्त्र शिकत असताना ते मध्येच बाहेर पडले, आम्स्टरडॅमच्या रिटफेल्ड कला अकादमीत चित्रकला शिकले आणि पुन्हा भौतिकशास्त्राकडे वळले. पुढे ते प्रिन्स्टनच्या ‘इन्स्टिट्यूट फॉर अ‍ॅडव्हान्स्ड स्टडी’चे संचालक झाले. महाराष्ट्रातील कोणत्याही नातेवाइकाने त्या मधल्या काळाला ‘वर्षे वाया घालवली’ असेच म्हटले असते.

लपवण्याचे व्याज

शब्दांचा हा फरक केवळ शब्दांचा नाही. मराठीत नापास झालेल्याचे ‘वर्ष वाया जाते’. डच भाषेत त्याला ‘स्टुडीफरट्राखिंग’ म्हणजे अभ्यासातील विलंब म्हणतात. महाराष्ट्रातील विद्यापीठांत ‘केटी लागते’, जणू एखादा डाग लागावा तशी. डच विद्यार्थी ‘हेरकान्सिंग’ला, म्हणजे ‘पुन्हा मिळालेल्या संधी’ला, बसतो. जो विलंब आहे तो भरून काढता येतो, त्याविषयी चारचौघांत बोलता येते. जो डाग आहे तो झाकावाच लागतो.

झाकण्याची ही सवय कशी लागते, याचा एक बोलका प्रयोग क्लॉडिया म्युलर आणि कॅरोल ड्वेक यांनी १९९८ साली प्रसिद्ध केला. काही मुलांची ‘तू हुशार आहेस’ अशी, तर काहींची ‘तू मेहनत घेतलीस’ अशी स्तुती करण्यात आली. नंतर सर्वांना अवघड प्रश्न देण्यात आले आणि साऱ्यांची कामगिरी घसरली. हुशारीची स्तुती झालेल्या मुलांनी लवकर हात टेकले, आणि इतर मुलांना निकाल कळवताना त्यांच्यातील अनेकांनी आपले गुण वाढवून सांगितले. मुले खोटारडी नव्हती; ‘हुशार’ ही ओळख जपण्यासाठी त्यांना दुसरा मार्ग दिसला नाही.

डच विद्यापीठात ही सवय विशेष महागात पडते, कारण येथील सर्व सवलती वेळेवर सांगण्यावर उभ्या आहेत. प्रत्येक अभ्यासक्रमाला ‘स्टुडीअडव्हीसर’ म्हणजे अभ्यास सल्लागार असतो. अडचण सुरू होताच त्याच्याकडे गेलेल्या विद्यार्थ्याची नोंद होते, परीक्षांचे नियोजन बदलता येते, आणि पुढे श्रेयांक कमी पडले तर ती नोंद आधार ठरते. जुलैमध्ये, सारे हातातून गेल्यावर, प्रथमच तोंड उघडणाऱ्यासाठी सल्लागाराला फारसे काही करता येत नाही. म्हणजे मनातली काल्पनिक किंमत वाचवण्यासाठी विद्यार्थी लपवतो, आणि त्या लपवण्यामुळेच त्याला खरी किंमत मोजावी लागते. आणखी एक गोष्ट महाराष्ट्रातील पालकांना ठाऊक असावी: अठरा वर्षांवरील विद्यार्थ्याच्या प्रगतीची माहिती त्याच्या संमतीशिवाय विद्यापीठ आई-वडिलांना देत नाही. पुण्याहून विभागप्रमुखांना पत्र लिहून काही कळणार नाही. जे कळेल ते मुलाच्या तोंडूनच, आणि ते सांगावेसे वाटेल असे घर असेल तरच.

विद्यार्थ्याला काय करता येईल

परिपूर्णतावादी विद्यार्थी आळशी नसतो. तरी तो चालढकल करतो. निर्दोष सुरुवात सुचेपर्यंत सुरुवातच न करणे, हे त्याचे नेहमीचे लक्षण. त्यावर डच व्यवस्थेनेच एक मोजमाप दिले आहे. येथे एक श्रेयांक म्हणजे २८ तासांचा अभ्यास. पाच श्रेयांकांच्या विषयाला व्याख्याने, वाचन, प्रकल्प आणि परीक्षा धरून १४० तास अपेक्षित आहेत. सत्राच्या आरंभीच त्यांची वाटणी कागदावर मांडावी आणि अहवालासाठी ठरवलेले तास संपले की तो सादर करावा. ‘निर्दोष झाला का?’ या प्रश्नाला शेवट नसतो. ‘तास संपले का?’ या प्रश्नाला असतो.

दुसरा उपाय ‘इनझाखे’चा. परीक्षेनंतर तपासलेली उत्तरपत्रिका पाहण्याचा हक्क विद्यार्थ्याला असतो आणि त्यासाठी वेळ दिली जाते. गुण कमी आले की परिपूर्णतावादी विद्यार्थी हा प्रसंग टाळतो, कारण चूक पाहणे त्याला स्वतःकडे पाहण्यासारखे वाटते. तरीही जावे. दहापैकी पाच हा आकडा माणसाविषयी काहीतरी सांगतो असे भासते. उत्तरपत्रिका मात्र तिसऱ्या प्रश्नात एकके चुकली, एवढेच सांगते.

तिसरी गोष्ट कच्च्या मसुद्याची. गटप्रकल्पात किंवा प्रबंधाच्या मार्गदर्शकाला अपुरे, ओबडधोबड लेखन लवकर दाखवावे. डच प्राध्यापक आणि सहाध्यायी ‘हे जमलेले नाही’ असे तोंडावर सांगतात. मराठी कानाला ते उर्मट वाटते, पण त्यांचे ‘हे’ कागदाविषयी असते, माणसाविषयी नसते. काही वेळा असे ऐकून घेतले की त्यात धोका नाही, हे अनुभवाने पटते. उपदेशाने ते पटत नाही.

अपयशांची नोंद ठेवणे हाही एक मार्ग आहे. मेलनी स्टेफन या संशोधिकेने २०१० साली ‘नेचर’मध्ये सुचवले की, संशोधकांनी नाकारलेल्या अर्जांचा आणि फसलेल्या प्रयत्नांचाही वृत्तान्त लिहावा. २०१६ मध्ये प्रिन्स्टनचे प्राध्यापक योहानेस हाउसहोफर यांनी आपली अशी यादी खुली केली आणि ती जगभर वाचली गेली. नेदरलँड्समध्ये माआस्ट्रिख्ट विद्यापीठाशी संबंधित प्राध्यापक पॉल इस्के यांनी तर ‘उज्ज्वल अपयशांची संस्था’ स्थापन केली. त्यांचा आग्रह एका भेदावर आहे: प्रामाणिक तयारीनिशी केलेला, पण अपेक्षित फळ न आलेला प्रयत्न आणि निव्वळ निष्काळजीपणा यांना एकाच शिक्क्याखाली आणू नये. विद्यार्थ्यानेही नापास झाल्यावर हाच प्रश्न स्वतःला विचारावा. पहिल्या प्रकारातून शिकायचे असते, दुसऱ्या प्रकारात सुधारायचे असते. स्वतःला दूषणे देत बसण्याची गरज दोहोंतही नसते.

यशही पचवावे लागते

परिपूर्णतेच्या हट्टाला यशाने शांती मिळते, ही समजूत चुकीची आहे. आठ मिळाले की ‘पेपर सोपा असेल’, आणि नऊ मिळाले की पुढच्या वेळी नऊच्या खाली घसरण्याची भीती. आपण चुकून येथवर आलो, एक दिवस उघडे पडू, ही भावना पॉलिन क्लान्स आणि सुझान आइम्स यांनी १९७८ मध्ये प्रथम नोंदवली. सांगली वा अकोल्याच्या महाविद्यालयात पहिला येणारा विद्यार्थी डेल्फ्टच्या वर्गात येतो, तेव्हा त्याच्या शेजारी दहा देशांतले पहिले आलेले बसलेले असतात. त्याची क्षमता तीच राहते. तुलनेचे माप तेवढे बदलते. हे ओळखता आले तर ‘मी घसरलो’ या वाक्याची जागा ‘मी मोठ्या तळ्यात आलो’ हे वाक्य घेऊ शकते.

यशाचा एक वेगळा नमुना नायमेखनच्या विद्यापीठात पाहायला मिळाला. आंद्रे गाइम तेथे असताना त्यांनी नेहमीच्या संशोधनाबाहेरचे, फसण्याचीच शक्यता अधिक असलेले प्रयोग करण्यासाठी शुक्रवारच्या संध्याकाळी राखून ठेवल्या. बहुतेकांतून काही निघाले नाही. एकातून १९९७ मध्ये प्रबळ चुंबकीय क्षेत्रात अधांतरी तरंगणारा बेडूक निघाला, ज्यावर लोक हसले आणि ज्याला २००० साली गमतीशीर संशोधनाचा इग नोबेलही मिळाला. तीच सवय पुढे मँचेस्टरमध्ये ग्राफीनच्या शोधाकडे घेऊन गेली आणि २०१० मध्ये गाइम यांना खरे नोबेल मिळाले. आठवड्यातली एक संध्याकाळ चुकण्यासाठी राखून ठेवणे, हे कोणत्याही विद्यार्थ्याला परवडण्याजोगे आहे.

पालकांच्या वाट्याचे काम

करन आणि हिल यांनी २०२२ मध्ये दुसरे विश्लेषण प्रसिद्ध केले. आई-वडिलांच्या अपेक्षा आणि टीका वाढत आहेत, असे तरुणांना वाटू लागले आहे, आणि या जाणिवेचा परिपूर्णतावादाशी संबंध आहे, असे त्यात दिसून आले. यात पालकांना आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करण्याचे कारण नाही. जमीन गहाण टाकून वा भविष्य निर्वाह निधी मोडून मुलाला पाठवणाऱ्या बापाची काळजी खरी असते. प्रश्न ती काळजी कोणत्या वाक्यातून पोहोचते, एवढाच आहे. ‘किती मिळाले?’ या प्रश्नाला एका आकड्याचे उत्तर असते आणि तो आकडा लहान असेल तर लपवता येतो. ‘या महिन्यात कोणता विषय जड गेला?’, ‘कोणाची मदत घेतलीस?’, ‘श्रेयांकांचा हिशेब कसा चालला आहे?’ या प्रश्नांना संभाषण लागते. ‘आमचे पैसे फुकट घालवू नकोस’ हे वाक्य मुलाला जबाबदार बनवत नाही. अडचण सांगण्याचा दिवस तेवढा पुढे ढकलते. पालकांनी वर्षारंभीच एकदा स्पष्ट बोलून ठेवावे: एखादा विषय राहिला तर किती खर्च वाढेल, तो कोठून भागवता येईल, आणि वाईट बातमी आम्हाला प्रथम कळावी. बोललेली किंमत मोजता येते; न बोललेली मुलाच्या मनात वाढत राहते.

मदत कोठे मिळेल

अभ्यासक्रम, परीक्षा आणि श्रेयांक यांविषयी प्रथम अभ्यास सल्लागाराकडे जावे. आजारपण, पैसा, निवासपरवाना अशा प्रश्नांसाठी विद्यापीठात ‘स्टुडेंटेनडेकान’ हा अधिकारी असतो. बहुतेक विद्यापीठांत विद्यार्थ्यांसाठी मानसशास्त्रज्ञ असतात. त्यांच्या मोजक्या भेटींना शुल्क पडत नाही आणि अनेक ठिकाणी परिपूर्णतेचा हट्ट, चालढकल, परीक्षेची भीती यांवर गटवर्गही चालतात. दीर्घ उपचार लागले तर मार्ग ‘हाउसआर्ट्स’ म्हणजे कुटुंब डॉक्टरकडून जातो. मानसोपचारासाठी प्रतीक्षा याद्या लांब असतात, म्हणून डॉक्टरकडे नाव नोंदवणे आणि आपल्या विमा योजनेत मानसोपचार समाविष्ट आहे का हे पाहणे, या गोष्टी आल्या आल्या कराव्यात.

जगणे नकोसे वाटत असेल, किंवा मित्राविषयी तशी शंका आली असेल, तर थांबू नये. नेदरलँड्समध्ये ११३ किंवा ०८००-०११३ या विनामूल्य क्रमांकावर दिवसरात्र बोलता येते. जीवाला तत्काळ धोका असेल तर ११२. भारतातून शासनाच्या ‘टेली-मानस’ सेवेचा क्रमांक १४४१६ असून तेथे मराठीत बोलता येते.

वर्षाच्या हिशेबात या मदतीचा सर्वांत स्वस्त दिवस हा अडचण जाणवल्याचा पहिला दिवस असतो. पहिल्या तुकडीचे निकाल नुकतेच लागले असतील आणि एखादा विषय राहिला असेल, तर सल्लागाराची वेळ त्याच आठवड्यात घ्यावी, आणि येत्या रविवारच्या कॉलवर ती गोष्ट घरी सांगावी.